कल्पित दैवतकथा: वादळ आणि पाऊस, देव एक की दोन?

आडवाट
मंडळी, सध्या एका कल्पित मुलखाची दैवतकथा रचतोय, कादंबरीसाठी. मुलूख साधा आहे. पश्चिमेला समुद्र, मग चिंचोळी किनारपट्टी (तिचं नाव तळकाठ), मग उभा कडा आणि कड्यापलीकडे लांबवर पसरलेला माळ. सह्याद्री डोळ्यांसमोर ठेवूनच नकाशा काढलाय, लपवत नाही.

या मुलखाचा मुख्य देव तडितराज. काळ्या ढगांच्या रथात बसतो, हातात विजेचा भाला, दर वर्षी शोषासुराला मारतो आणि पाऊस पाडतो. वादळ हा त्याचा राग, पाऊस ही त्याची कृपा. मित्राने वाचलं आणि म्हणाला, "हा इंद्रच की रे, फक्त आधार कार्डावर नाव बदललंय."

तर प्रश्न दोन. वादळ आणि पाऊस ही खाती एकाच देवाकडे ठेवावीत का? आणि तो इंद्राची नक्कल वाटू नये म्हणून काय करावं? उगाच सहा हात आणि निळी जीभ द्यायची नाहीये.

कांदाभजी
बाकीचं नंतर वाचतो, पण तडितराज हे नाव इन्व्हर्टरच्या दुकानाला शोभेल.

शेवंती
इंद्राची नक्कल होतेय हे खरं, पण नक्कल करताना तुम्ही इंद्रावरही अन्याय केलाय. ऋग्वेदात हे खातेवाटप कधीच होऊन गेलेलं आहे. सोसाट्याचा वारा, झाडं उपटणारी टोळी, ते मरुत. रुद्राची पोरं, कायम घोळक्याने फिरणारी. प्रत्यक्ष धारा पाडणारा, वनस्पतींत बीज घालणारा, बैलासारखा डुरकणारा तो पर्जन्य. आणि इंद्र काय करतो? वृत्राने अडवून धरलेलं पाणी मोकळं करतो. इंद्र लढवय्या आहे, पाणक्या नाही.

गंमत म्हणजे इंद्राची सूक्तं साधारण पाव ऋग्वेद व्यापतात आणि पर्जन्याच्या वाट्याला आली जेमतेम तीन. जो रोजचं काम करतो त्याचं कौतुक कमी, ही तेव्हापासूनची रीत. पर्जन्याच्या दोन सूक्तांना लागूनच सातव्या मंडलात ते बेडकांचं सूक्त आहे (७.१०३). वर्षभर मौनव्रत धरून बसलेल्या ब्राह्मणांसारखे बेडूक पहिल्या पावसाबरोबर एका सुरात बोलू लागतात. तुमच्या तडितराजाच्या कथेत एक तरी बेडूक आहे का?

आडवाट
शेवंतीताई, बेडूक नाही. पण गोष्टीला लढाई लागते हो. पर्जन्यावर कादंबरी कशी उभी राहणार? शिवाय वीज आणि पाऊस माणसाला एकत्रच दिसतात. वीज कडाडली, पाऊस आला. त्यामुळे एकच देव असणं मला तरी नैसर्गिक वाटतं.

घाटमाथा
एकत्र दिसतात? कुठे? आडवाट, तुम्ही जुलैमध्ये आंबोलीत किंवा ताम्हिणीत राहून बघा. दिवसचे दिवस संततधार, समोरचं झाड दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि गडगडाट शोधून सापडत नाही. कडकडाट करतो तो मे महिन्यातला वळीव आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरातला परतीचा पाऊस. भर पावसाळ्यातला मुख्य पाऊस बहुतेक मुकाट्याने पडतो.

कारण असं की वीज तयार व्हायला ढगात बर्फ लागतो. ढग उंच चढला, वर गोठला, त्यातले बर्फाचे कण आणि छोट्या मऊ गारा एकमेकांवर आपटल्या की विद्युतभार वेगळा होतो. वळवाचे ढग तसे उंच मनोऱ्यासारखे वाढतात. जुलैत समुद्रावरून येणारे ढग घाटावर चढतात खरे, पण त्यातले बरेचसे बुटके असतात. गोठणबिंदूच्या उंचीपर्यंत न जाताच पाणी टाकून मोकळे होतात. त्यामुळे पाऊस ढीगभर आणि वीज नाममात्र. "गर्जेल तो पडेल काय" हे आपल्याकडे नुसतं माणसांबद्दल म्हणत नाहीत.

म्हणजे तुमच्याच नकाशात, तुमच्याच कड्यावर, मुख्य पावसाच्या देवाच्या हाती विजेचा भाला बसत नाही. भाला द्यायचाच तर तो पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातात द्या. आल्याची वर्दी देणारा एक, गेल्याची देणारा एक.

कांदाभजी
घाटमाथा, ही द्वारपालांची जोडी भारी आहे. घ्या हो आडवाट, फुकट मिळतेय.

पोफळी
मी श्रीवर्धन तालुक्यातली. "वादळ हा त्याचा राग, पाऊस ही त्याची कृपा" हे वाक्य वाचून थांबले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारच्या काही तासांत आमच्या वाडीतल्या पोफळी अशा झोपल्या, की सगळ्यांची डोकी एकाच दिशेला. नारळ मुळापासून उपटले, पोफळी मधोमध मोडल्या. कौलं उडून दुसऱ्याच्या परड्यात. घराला काही महिन्यांत पत्रे घालता येतात, पण पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर माणसाने काय करायचं?

आणि चार-आठ दिवसांनी नेहमीसारखा पाऊस लागला, आम्ही भाताचा तरवा काढून लावणी केली. या दोन गोष्टी एकाच देवाच्या? मला नाही वाटत. वादळ आमच्यावर रागावून आलं नव्हतं. ते कुठेतरी चाललं होतं आणि आमची वाडी वाटेत होती. तुमच्या वादळाच्या देवाला माणसं दिसतच नाहीत असं दाखवलंत तर मला पटेल. राग म्हटलं की आमचं काहीतरी चुकलं असणार असा अर्थ निघतो.

घाटमाथा
पोफळीताई म्हणतात त्याला ऋतूचाही आधार आहे. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या टोकांना होतात, भर मान्सूनमध्ये जवळपास नाहीत. तेव्हा खालचे वारे एकीकडे आणि वरचे दुसरीकडे इतक्या जोरात वाहतात की वादळाचा खांब उभाच राहत नाही. म्हणजे मोठा पाऊस असताना मोठं वादळ येत नाही. दोन देवांचं एकमेकांशी पटत नाही, एक घरात असताना दुसरा येत नाही. कथा इथेच तयार आहे.

आडवाट
हे आवडलं. पोफळीताई, "दिसतच नाहीत" हे मी घेतोय, तुमची परवानगी समजून. पण मग राहिलेला पावसाचा देव अगदीच गोडमिट्ट होतो. दर वर्षी येतो, पाणी देतो, जातो. त्याच्यात नाट्य कुठून आणू?

खापरतुकडा
नाट्य तो येत नाही तेव्हा असतं.

सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे उगारित नावाचं प्राचीन नगर आहे. १९२९ पासून तिथे उत्खनन सुरू झालं आणि मातीच्या पाट्यांवर लिहिलेली बाअल या वादळ-पावसाच्या देवाची कथा मिळाली. हा बाअल तुमच्या तडितराजाचा सख्खा चुलता. आधी समुद्राला (यम्म) हरवतो, मग आपल्यासाठी महाल बांधून घेतो. कारागीर देव म्हणतो, महालाला खिडकी ठेवू. बाअल म्हणतो, नको. कारागीर म्हणतो, बघ हं, पुढे माझंच ऐकशील. आणि खरंच नंतर बाअल खिडकी पाडायला लावतो, तीच ढगांतली फट, तिथून त्याचा आवाज पृथ्वीवर येतो. एवढा पराक्रमी देव आणि खिडकीवरून गवंड्याशी वाद घालतोय! तुमच्या देवाला असा एक तरी घरगुती हट्ट द्या.

त्यानंतर मोत, म्हणजे साक्षात मरण, बाअलला गिळतं. देव मेला. शेतं भेगाळतात. मग अनात ही देवी मोतला कापते, पाखडते, जाळते, दळते, शेतात विखुरते, धान्यासारखं. बाअल परत येतो.

याहून मला जवळची वाटते ती हित्ती लोकांची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली. वादळदेवाचा पोरगा तेलिपिनू काहीतरी बिनसल्यावर इतक्या तिरीमिरीत निघतो की उजवं पायताण डाव्या पायात आणि डावं उजव्यात. तो गेल्यावर खिडक्यांवर धुकं चढतं, चुलीतली लाकडं घुसमटतात, मेंढी कोकराला जवळ घेत नाही. गरुडाला सापडत नाही, मोठ्या देवांना सापडत नाही. शेवटी मधमाशी धाडतात. ती शोधते, हातापायांना डसून जागं करते, आणि तो आणखीच भडकतो. पुढे मंत्रतंत्राची देवी त्याचा राग उतरवते आणि तो राग पाताळातल्या कांस्याच्या भांड्यांत झाकण लावून कोंडतात.

ताकद दाखवून पावसाचा देव मोठा होत नाही. तो गेल्यावर घरात काय काय बिघडलं, त्याच्या यादीने मोठा होतो. तुमच्या कथेत शोषासुर दुष्काळ आणतो, म्हणजे देव कायम निर्दोषच. देव स्वतःच निघून गेला तर?

रानजाई
वाचतेय. धागा माझ्या निवडक दहा आवडत्या धाग्यांत टाकला.

कांदाभजी
उलटी पायताणं! आमचे तीर्थरूप भांडण झालं की असेच निघायचे. कोपऱ्यावरच्या टपरीवर सापडायचे. मधमाशी म्हणून मला पाठवायचे.

माणदेशी
सगळे विद्वान बोलून झाले असतील तर माळावरचं ऐका. आडवाटराव, तुमची सगळी कथा तळकाठावरून लिहिलेली आहे. देव समुद्रावरून येतो, कड्याला भिडतो, पाऊस पडतो, टाळ्या. कड्यापलीकडं कोण राहतं?

महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. तिथून पाचगणी वीसेक किलोमीटर, तिथं दोन हजाराच्याही आत. खाली वाई, आणखी कमी. आणि आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. सगळं एकाच सातारा जिल्ह्यात. ढग आमच्या डोक्यावरून जाताना दिसतात. काळेभोर असतात. पडत नाहीत. लहानपणी म्हातारी माणसं अंगणात बसून ढगांकडं बघायची ती नजर तुम्ही तळकाठावर बसून लिहू शकणार नाही. १९७२ च्या दुष्काळाचं नुसतं नाव काढलं तरी आमच्याकडं खडी फोडायची कामं, तेव्हा खायला मिळालेली सुकडी आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आठवणारी माणसं अजून आहेत.

तुमचा देव असुराला मारतो म्हणता. मग माळावरच्या माणसानं काय समजायचं? असुर आमच्याकडं दर वर्षी जिंकतो? का देवाचं आमच्याशी वैर आहे? कडा पाणी अडवतो, हे माळावरच्या पोराला शाळेत जायच्या आधी ठाऊक असतं. म्हणजे आमचा वृत्र कोण? कडा. आणि तळकाठावर त्याच कड्याची पूजा होत असणार, कारण त्याच्यामुळंच त्यांना पाऊस मिळतो. एकाच डोंगराला इकडं देव आणि तिकडं चोर म्हणतात, हे लिहा की.

आणि एक. धनगर. दिवाळीच्या पुढंमागं आमच्याकडचे मेंढके कळप घेऊन घाट उतरून कोकणात जातात. भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य मिळतं. पावसाची चाहूल लागली की परत वर, कारण कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही, खूर कुजतात. म्हणजे बघा, मान्सून आणि धनगर एकाच सुमाराला, एकाच वाटेनं, पश्चिमेकडून पूर्वेकडं घाट चढतात. तुमच्या देवाला रथ कशाला पायजे? त्याला चालत आणा.

शेवंती
माणदेशीकाका, दंडवत.

आडवाट
काका, तुमचा प्रतिसाद परत परत वाचतोय. देव मेंढपाळ. ढग म्हणजे त्याची मेंढरं. कडा म्हणजे घाटातलं जकात-नाकं, आणि जकात लोकरीत घेतली जाते. वर पोचेपर्यंत कळप भादरलेला असतो. देव माळावर येतो, पण त्याच्याकडे द्यायला उरलेलं नसतं. हे मला त्या भाल्यापेक्षा कितीतरी जड वाटतंय.

माणदेशी
चांगलं आहे. पण त्याला बिरोबा करू नका. म्हसोबा, बिरोबा, खंडोबा ही आमची चालती-बोलती दैवतं आहेत, त्यांच्या जत्रा भरतात. कादंबरीच्या सोयीसाठी त्यांचं घोंगडं ओढू नका. नाव, गोष्ट, नवस, सगळं तुमचं तुम्ही नवं करा.

दूरदेशी
मेक्सिको सिटीत नोकरीनिमित्त आहे, म्हणून एक भर. इथे शहराच्या मधोमध अझ्टेकांच्या मोठ्या देवळाचे अवशेष आहेत. त्या एका पिरॅमिडच्या माथ्यावर शेजारी शेजारी दोन गाभारे होते, एक युद्धाच्या देवाचा आणि एक त्लालोकचा, म्हणजे पावसाचा. उंची सारखीच. राज्य लढाईवर चालतं आणि पोट मक्यावर, ते त्यांनी दगडात मांडून ठेवलंय.

त्लालोकच्या अंगणात पाण्याची चार पिंपं. एकातलं पाणी पीक आणतं, दुसऱ्यातलं बुरशी, तिसऱ्यातलं हिव, चौथ्यातल्या पाण्याने दाणाच धरत नाही. त्याचे बुटके चाकर गाडगी भरून नेतात आणि काठीने फोडतात, तोच गडगडाट. म्हणजे पाऊस "आला की नाही" एवढंच नाही, "कुठल्या पिंपातला आला" हाही प्रश्न. आपल्याकडे कणसं भरल्यावर येणारा अवकाळी कुठल्या पिंपातला, सांगायला नको.

याच देवाला लहान मुलांचे बळी देत आणि त्यांचे अश्रू हा शुभशकुन मानत. हेही सांगायला हवं. पावसाचा देव म्हटला की सगळे हिरवंगार लिहितात, पण ज्याची वाट इतकी पाहिली जाते त्याला लोक काय काय द्यायला तयार होतात, ही बाजू टाळू नका.

शेवंती
बळी नको असेल तर आपल्याकडे दुसरा मार्ग आहेच: देवाची थट्टा. धोंडी काढतात ती आठवा. पोराच्या अंगाला कडुनिंबाचे डहाळे, आडव्या मुसळाला बेडूक बांधलेला, दारोदार फिरायचं आणि घरातल्या बाईने वरून तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी नाही तेव्हाच पाणी ओतायचं! पावसाला खिजवायचा प्रकार वाटतो मला तो. आणि गोवर्धनाची गोष्ट तर उघड बंडाची. इंद्राची पूजा बंद, त्यापेक्षा या डोंगराची करू. इंद्राने झोडपून काढलं, पण हरला तोच. माळावरच्या लोकांनी एके वर्षी तुमच्या मेंढपाळ देवाची पूजा बंद केली तर काय होईल?

पंचांगातली वाहनंही विसरू नका. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, उरेल त्यावरून वाहन: बेडूक, म्हैस, हत्ती आले तर दणकून, कोल्हा, मेंढा आले तर बोंब. पाऊस कशावर बसून येणार, हे भागाकाराच्या बाकीवर! खरं ठरो न ठरो, आमच्या आजी पाडव्याला पंचांगात आधी तेवढंच पान काढायच्या. तुमच्या मुलखातही कुणीतरी असं गणित मांडून बसलेलं असणारच.

घाटमाथा
लहरीपणासाठी एक नमुना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. अंतर पंचवीसेक किलोमीटर. हवामानशास्त्रात याचं स्पष्टीकरण आहे, पण सांताक्रूझजवळच्या कलिन्यात पहिल्या मजल्यावर पाणी बघणाऱ्याला ते देऊन बघा. देवाची गरज त्या दोन आकड्यांच्या मधे पडते.

आडवाट
मसुदा टाकतोय. कच्चा आहे. देवाचं नाव "घोंगड्या" ठेवलंय, माळावरच्यांच्या तोंडी. तळकाठावर त्याला नावच नाही, ते त्याला नुसतं "तो" म्हणतात.

*घोंगड्या समुद्रापलीकडच्या कुरणांत मेंढरं चारतो. आठ महिने. जेठात मेंढरं भरून येतात, पाय जड होतात, मग तो त्यांना हाकत निघतो. त्याच्या पुढे झिंजारी धावते. ती त्याची कुणी नाही. तिला डोळे नाहीत. तिच्या हाती काठी आहे, चाचपडत चालते, काठी लागेल ते मोडतं. झिंजारी पुढे निघून गेल्याशिवाय घोंगड्या पाण्याबाहेर पाय ठेवत नाही, कारण एकदा तिची काठी कळपाला लागली होती.*

*तळकाठावर मेंढरं बसतात. खाचरं भिजतात. मग घाट. घाटात कडा बसलेला. कडा म्हणतो, लोकर ठेव. घोंगड्या म्हणतो, वर माणसं आहेत. कडा म्हणतो, तू दर वर्षी हेच म्हणतोस.*

*वर पोचतो तेव्हा मेंढरं उघडी पडलेली असतात. माळावरच्या बाया वेशीवर उभ्या असतात, रिकाम्या पाट्या घेऊन. त्यांच्यासमोर जायची घोंगड्याला लाज वाटते. म्हणून तो रात्री येतो. म्हणून माळावर पाऊस रात्री पडतो. आणि ज्या वर्षी लाज फार होते, त्या वर्षी तो वेशीबाहेरूनच परततो.*

वीज वर्दी देणाऱ्या दोघा पोरांकडे दिली आहे, घाटमाथा म्हणाले तशी. शोषासुर रद्द.

खापरतुकडा
लाजेमुळे न येणारा देव मी तरी कुठे वाचलेला नाही. राग, मरण, रुसवा, सगळं पाहिलं, लाज नाही. हा तुमचा स्वतःचा. "तू दर वर्षी हेच म्हणतोस" ठेवा, कुणी कितीही कापायला सांगितलं तरी.

पोफळी
झिंजारी पटली. फक्त "तिची काठी कळपाला लागली होती" ही वेगळी गोष्ट म्हणून लिहा. एका वाक्यात उरकू नका.

माणदेशी
बायांच्या हातात पाट्या नकोत. पाटी माती उचलायला. पाण्याला घागर, हंडा. बाकी ठीक. लाजेचं बरोबर धरलंय, पण माळावरची माणसं त्याला लाजेत सोडणार नाहीत. एखादी म्हातारी वेशीबाहेर जाऊन त्याला शिव्या घालत घरात आणेल, भाकरी वाढेल. ती म्हातारी लिहा.

कांदाभजी
म्हातारीला पूर्ण पाठिंबा. गारपिटीचं काय केलंत? फेब्रुवारीत द्राक्षं झोपवते ती.

आडवाट
घागर केली, काका. म्हातारी पुढच्या भागात येतेय, शिव्यांसाठी तुम्हाला वेगळा निरोप धाडतो. गारा अजून कुणाच्या पदरात घातलेल्या नाहीत. घोंगड्या फेब्रुवारीत समुद्रापलीकडे असतो, झिंजारीची ती वेळ नाही आणि वर्दीची पोरं झोपलेली. म्हणजे चौथं कुणीतरी लागणार. दूरदेशींच्या पिंपांपैकी हिवाचं पिंप उधार घेऊ का, की इथल्या मातीतलं काही सुचतंय कुणाला? नाशिककडचं कुणी असेल तर बोला.